गाठ करणारी फळमाशी : एक घर, एक वनस्पती

तान्ह्या मुलाच्या बाळगुटीचा डबा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना वेखंड, हळकुंड, सुंठ आणि मुरुडशेंग यांच्याबरोबर त्यात ठेवलेले मायफळ आठवत असेल. काही घरांतून त्याच्या जोडीला काकडशिंगीही असे. आजीने सहाणेवर दोन वेढे उगाळून दिलेले हे मायफळ वस्तुतः फळ नव्हे आणि काकडशिंगी हे काही शिंग नव्हे. पश्चिम आशियातील ओक वृक्षाच्या फांदीवर एका चिमुकल्या गांधीलमाशीने अंडे घातले, म्हणजे तेथे जी टणक गाठ तयार होते, तिला आपण मायफळ म्हणतो. हिमालयाच्या पश्चिम भागात आढळणाऱ्या एका वृक्षावर मावा जातीच्या कीटकांमुळे ज्या पोकळ, वाकड्या गाठी येतात, त्या काष्ठौषधींच्या दुकानात काकडशिंगी म्हणून विकल्या जातात. कीटकांनी वनस्पतीकडून बांधून घेतलेली घरे अशा रीतीने पिढ्यान्पिढ्या आपल्या घरात आहेत. मात्र ती घरे आहेत याची जाणीव आपणांस क्वचितच असते.

अशी घरे बांधून घेणाऱ्या कीटकांत फळमाशीच्या कुळातील काही जातींचाही समावेश होतो. फळमाशी म्हटले की शेतकऱ्याच्या मनात किडलेली बोरे व सडलेले पेरू उभे राहतात. तथापि याच कुळातील काही माश्या फळाला स्पर्शही करीत नाहीत. त्या वनस्पतीच्या खोडात गाठ निर्माण करून तीत राहतात. त्यांपैकी दोन माश्या उपद्रवी तणांचा बंदोबस्त करण्यासाठी भारतात मुद्दाम आणण्यात आल्या. या माश्या कोठे राहतात, कशा राहतात आणि कोठे राहू शकत नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्राणिशास्त्राचा वाटतो. परंतु गावातील गायरानावर माजलेल्या तणाचे काय करावे, असा विषय ग्रामसभेपुढे येतो तेव्हा त्याचे उत्तर पुष्कळ अंशी याच प्रश्नावर अवलंबून असते.

गाठ म्हणजे काय?

वनस्पतीच्या कोवळ्या भागात कीटक, सूक्ष्म कोळी, सूत्रकृमी किंवा बुरशी यांनी प्रवेश केल्यामुळे त्या भागातील पेशींची जी अनियमित वाढ होते, तिला गाठ म्हणतात. कीटकाच्या बाबतीत अळीचे खाणे आणि तिच्या शरीरातून स्रवणारी द्रव्ये यांच्या प्रभावाखाली वनस्पती आपल्या वाढीची दिशा बदलते. ज्या अन्नरसातून पाने व फुले यावयाची, तो अन्नरस गाठीकडे वळतो. गाठीच्या आतील स्तर अळीला अन्न पुरवितात आणि बाहेरचा कठीण स्तर तिला ऊन, वारा व शत्रू यांपासून संरक्षण देतो. बांधकामाचे साहित्य वनस्पतीचे, मजुरीही वनस्पतीचीच. आराखडा मात्र कीटकाचा! म्हणूनच प्रत्येक कीटकाची गाठ आकाराने व रचनेने निराळी असते आणि जाणकार व्यक्ती अनेकदा गाठ पाहूनच ती कोणी केली हे सांगू शकते.

छत्रपती संभाजीनगर शहरात व जिल्ह्यात गाठी पाहावयाच्या तर दूर जाण्याचे कारण नाही. रस्त्याकडेच्या करंजाच्या पानांवर फोडांसारखे बारीक उंचवटे दिसतात. ते डोळ्यांनी न दिसणाऱ्या एका कोळ्यामुळे आलेले असतात. शोभेसाठी लावलेल्या सप्तपर्णीच्या पानांवर गोल, टपोऱ्या गाठी येतात. त्या रस शोषणाऱ्या एका लहान कीटकाच्या असतात. उंबराचे फळ फोडल्यावर जी चिलटे उडतात, त्यांचेही बालपण फळातील काही फुलांच्या गाठीतच गेलेले असते. राज्याच्या पूर्व टोकाला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत, गादमाशीमुळे भाताच्या रोपात कणसाऐवजी चंदेरी पोंगा निघतो. तो पोंगा हीसुद्धा गाठच होय. मात्र गादमाशी ही डासासारखी नाजूक असून तिचे कुळ वेगळे आहे. तिला फळमाशी समजण्याची चूक होऊ नये.

फळमाश्यांचे मोठे कुळ

शास्त्रज्ञ ज्याला टेफ्रिटिडी म्हणतात, त्या फळमाश्यांच्या कुळात जगभरात सुमारे पाच हजार जाती मोजण्यात आल्या आहेत. पंखांवरील पट्टे किंवा ठिपके आणि मादीच्या पोटाच्या टोकाशी असलेली अंडी घालण्याची अणकुचीदार नळी, ही या कुळाची सहज ओळखू येणारी लक्षणे होत. आपल्या जिल्ह्यात या कुळाचा परिचय बहुधा नुकसानीतूनच होतो. बोरावरील फळमाशी, आंबा व पेरूवरील फळमाशी, कारली, दोडका व काकडी यांसारख्या वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशी या सर्वांना ठाऊक आहेत. मराठवाड्यातील करडई उत्पादकाला आणखी एक माशी माहीत असते. तिची अळी करडईच्या बोंडात शिरून आतील भाग खाते.

ही शेवटची माशी अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. करडई ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती असून, फळमाश्यांच्या कुळातील फार मोठा गट याच वनस्पतिकुळावर जगतो. यांतील काही माश्यांच्या अळ्या बोंडातील दाणे खातात, तर काहींच्या अळ्या खोडात शिरून गाठी निर्माण करतात. ज्या माश्यांची माहिती येथे द्यावयाची आहे, त्या दुसऱ्या प्रकारच्या होत. सोयीसाठी आपण त्यांना गाठमाशी म्हणू.

गाठीतील जीवनक्रम

कोकणात, विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, रानमोडी नावाचे एक झुडूप रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत आणि आंबा-काजूच्या बागांतून माजलेले दिसते. ते मूळचे अमेरिका खंडातील. पान चुरगळले की उग्र वास येतो. हिवाळ्यात पांढुरक्या-जांभळट फुलांचे झुबके येतात आणि पुढे केसाळ, हलके बी वाऱ्यावर दूरवर पसरते. उन्हाळ्यात हे झुडूप वाळले म्हणजे वणव्याला आयते सरपण मिळते. या रानमोडीवर तिच्या मूळ प्रदेशात जी गाठमाशी राहते, तिचे शास्त्रीय नाव सेसिडोकॅरिस कॉनेक्सा असे आहे.

ही माशी आकाराने लहान असून तिच्या पंखांवर गडद पट्टे असतात. मादी रानमोडीच्या कोवळ्या शेंड्याची निवड करते आणि न उमललेल्या पानांच्या घडीत अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेल्या अळ्या खोडात शिरतात. त्या ठिकाणी पेरे फुगू लागते आणि काही दिवसांतच तेथे लांबट गोल गाठ तयार होते. एका गाठीत अनेक अळ्या असू शकतात; परंतु प्रत्येकीची खोली स्वतंत्र असते.

यापुढील टप्पा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. प्रौढ माशीला चावण्यासाठी जबडे नसतात. टणक गाठीच्या आत तिचा जन्म झाला, तर बाहेर पडण्यासाठी भिंत फोडणार कशी? ही तजवीज अळीने अगोदरच करून ठेवलेली असते. कोषावस्थेत जाण्यापूर्वी अळी आतून भिंत कुरतडीत बाहेरच्या सालीपर्यंत येते आणि सालीचा केवळ पातळ पापुद्रा शिल्लक ठेवून थांबते. बाहेरून पाहणाऱ्यास तेथे एक लहानशी खिडकी दिसते. कोषातून निघालेली माशी या पापुद्र्याला धक्का देऊन बाहेर पडते. अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचा हा प्रवास साधारणपणे दोन महिन्यांत पूर्ण होतो.

बोरावरील फळमाशीशी याची तुलना केल्यास एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात येते. बोरातील अळी पूर्ण वाढल्यावर फळातून बाहेर पडते आणि जमिनीत जाऊन कोष करते. म्हणूनच किडकी व गळलेली बोरे गोळा करून नष्ट करावीत आणि झाडाखालची माती हलवून कोष उघडे पाडावेत, असे कृषिशास्त्र सांगते. गाठमाशी मात्र कोषही गाठीतच करते; जमिनीशी तिचा संबंध येत नाही. सबब एकीवरील उपाय दुसरीला लागू पडत नाही. गाठी असलेल्या फांद्या कापून जाळल्यास तिची एक संपूर्ण पिढी नष्ट होते. ती आपल्या उपयोगाची असेल तर हेच नुकसान ठरते आणि पिकाची शत्रू असेल तर हाच उपाय ठरतो. कीटक कोठे राहतो हे समजल्याशिवाय त्याच्याशी कसे वागावे हे ठरविता येत नाही, हा या पाठाचा पहिला धडा होय.

घर मजबूत, तरी अभेद्य नव्हे

उत्तर अमेरिकेत गोल्डनरॉड नावाच्या, पिवळ्या तुऱ्याच्या वनस्पतीवर युरोस्टा सॉलिडॅजिनिस ही गाठमाशी राहते. तिचा अभ्यास फार बारकाईने झाला आहे. तिची गाठ लहान लिंबाएवढी गोल असते. हिवाळ्यात वनस्पती वाळून जाते, सभोवार बर्फ पडते, तरी आतील अळी जिवंत राहते. कारण तिच्या शरीरात थंडीपूर्वी ग्लिसरॉल व सॉर्बिटॉल ही द्रव्ये साठतात आणि शरीरातील पाणी गोठले तरी पेशींना इजा होत नाही.

थंडीपासून बचाव झाला तरी शत्रूंपासून होतोच असे नाही. एक परोपजीवी गांधीलमाशी आपली नळी गाठीत खुपसून अळीजवळ अंडे घालते. गाठ मोठी व जाड भिंतीची असेल तर तिची नळी आतपर्यंत पोहोचत नाही. यावरून गाठ जितकी मोठी तितकी सुरक्षित, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मोठी गाठ दुरूनही दिसते आणि सुतार पक्षी नेमक्या अशा गाठी फोडून अळी खातो. लहान घराला गांधीलमाशीचे भय आणि मोठ्या घराला पक्ष्याचे! या दुहेरी दबावामुळे मध्यम आकाराच्या गाठीतील अळ्या वाचण्याचा संभव अधिक राहतो. उत्क्रांतीमधील नैसर्गिक निवड शिकविताना शिक्षकांना याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

परोपजीवी कीटकांचा हा मुद्दा केवळ वर्गातील शिकवणीपुरता नाही. भारतात आणलेल्या पहिल्या गाठमाशीचे भवितव्य बऱ्याच अंशी त्यानेच ठरविले.

निलगिरीत आलेली पाहुणी

रानमोडीचीच एक नातलग असलेली, मेक्सिकोतील एक पांढऱ्या फुलांची वनस्पती डोंगराळ प्रदेशांत जगभर पसरली आहे. नेपाळ व दार्जिलिंगकडे तिला बनमारा, म्हणजे वन मारणारी, म्हणतात. आपल्या रानमोडी या नावातूनही तसाच अर्थ ऐकू येतो. दोन दूरच्या प्रदेशांतील लोकांनी अशा झुडपांना जवळजवळ एकच नाव द्यावे, यावरून त्यांच्या उपद्रवाची कल्पना येते.

या वनस्पतीवर मेक्सिकोत प्रोसेसिडोकॅरिस यूटिलिस ही गाठमाशी राहते. १९४५ च्या सुमारास ती हवाई बेटांवर नेण्यात आली आणि माउई बेटावरील कुरणे या तणापासून बऱ्याच प्रमाणात मोकळी झाली. अधिक पावसाच्या काही भागांत मात्र तसे यश आले नाही. पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांनी ती नेली आणि १९६३ मध्ये न्यूझीलंडहून ती भारतात आली. निलगिरीच्या डोंगरात व दार्जिलिंगच्या बाजूस ती सोडण्यात आली आणि स्थिरावली. पुढे हिमालयाच्या रांगांतून आपल्या वनस्पतीचा माग काढीत ती स्वतःच नेपाळात पोहोचली आणि १९८४ मध्ये चीनमध्येही आढळली. कीटकाला देशाची सीमा ठाऊक नसते. त्याला फक्त आपली वनस्पती ठाऊक असते.

तथापि भारतात तिच्याकडून अपेक्षिलेले काम पूर्णत्वाने झाले नाही. येथील स्थानिक परोपजीवी गांधीलमाश्यांनी या नव्या गाठी लवकरच हेरल्या आणि त्यांतील अळ्यांवर आपली उपजीविका सुरू केली. माशी टिकली, परंतु तणाला आवर घालण्याइतकी तिची संख्या वाढू शकली नाही. पाहुणी आणताना तिचे शत्रू तिच्या देशात मागे ठेवता येतात. येथे तिला नवे शत्रू मिळणार नाहीत, याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही.

रानमोडीवरील माशीची वाट थोडी निराळी होती. इंडोनेशियाने ती कोलंबियातून आणून १९९५ मध्ये सोडली. पुढे पापुआ न्यू गिनीसारख्या देशांत तिने रानमोडीचा जोर लक्षणीय कमी केला. इंडोनेशियातून ती भारतात आणण्यात आली आणि आवश्यक चाचण्यांनंतर २००५ मध्ये बंगळुरू परिसरात सोडण्यात आली. या माशीला सतत हिरवे, कोवळे शेंडे लागतात. शेंडा नसेल तर अंडी घालण्यास जागा नाही. म्हणून रानमोडी जेथे वर्षातील बराच काळ ओलसर व हिरवी राहते, तेथेच माशीचे बस्तान चांगले बसू शकते. वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या पठारावर रानमोडीला कोकणासारखे माजता येत नाही. आणि जेथे रानमोडी नाही, तेथे तिच्या गाठमाशीलाही घर नाही. एका जिल्ह्यात उपयुक्त ठरलेला कीटक दुसऱ्या जिल्ह्यात निरुपयोगी का ठरावा, याचे उत्तर यात आहे.

गाजरगवत आणि कारळे

मराठवाड्याचा खरा प्रश्न गाजरगवताचा आहे. पुण्याजवळ या तणाची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर काही दशकांत ते देशभर पसरले. त्याच्या संपर्काने त्वचेचे विकार होतात, परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो आणि जनावरांना चारा म्हणून त्याचा उपयोग नाही. मग गाठ करणारा एखादा कीटक आणून गाजरगवताचा बंदोबस्त का केला नाही, असा प्रश्न ग्रामपंचायत सदस्य विचारतात. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक अधिकाऱ्याने समजून घ्यावे असे आहे.

असा कीटक होता. तो माशी नसून एक लहान पतंग होता. एपिब्लेमा स्ट्रेनुआना या पतंगाची अळी गाजरगवताच्या खोडात गाठ करते. ऑस्ट्रेलियाने तो १९८२ मध्ये मेक्सिकोतून नेऊन सोडला आणि तेथे तो उपयुक्त ठरला. भारतातही तो १९८५ मध्ये बंगळुरूच्या प्रयोगशाळेत आणण्यात आला. परंतु त्याला मोकळे सोडण्यापूर्वी बंदिस्त जागेत आपल्या पिकांवर तपासण्यात आले, तेव्हा कारळ्याच्या रोपावरही त्याची वाढ पूर्ण होऊ शकते असे दिसून आले. गाजरगवत आणि कारळे ही दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातील. ऑस्ट्रेलियात कारळे हे महत्त्वाचे पीक नव्हते. आपल्या देशात ते आहे. नाशिकपासून अकोल्यापर्यंतच्या, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या, डोंगरउतारांवर हलक्या जमिनीत आदिवासी शेतकरी ते घेतात. कोणी त्याला खुरासणी म्हणतात. त्याचे तेल आणि चटणी हा त्या घरांचा आधार आहे. शास्त्रज्ञांनी तो पतंग सोडला नाही.

या निर्णयाचे मोल सहसा मोजले जात नाही. तो पतंग सोडला असता तर गाजरगवताचा काही भार कदाचित हलका झाला असता. परंतु त्याची किंमत ज्याच्या शेतात मूठभर कारळे पिकते, त्या शेतकऱ्याने मोजली असती, आणि एकदा सोडलेला कीटक परत बोलाविता येत नाही. तण सर्वांचे आणि नुकसान मात्र दुर्बलाचे, असा व्यवहार टळला तो काही महिन्यांच्या शांत, प्रसिद्धीविना चाललेल्या चाचण्यांमुळे.

गाजरगवतावर जो कीटक निवडण्यात आला, तो म्हणजे मेक्सिकन भुंगा. तो १९८३ मध्ये आणून १९८४ मध्ये बंगळुरू येथे सोडण्यात आला. तो गाठ करीत नाही, पाने खातो. पावसाळ्यात तो गाजरगवताचा फडशा पाडतो आणि कोरड्या महिन्यांत जमिनीत निद्रावस्थेत राहतो. १९९० नंतर कर्नाटकात काही ठिकाणी तो सूर्यफुलाच्या पानांवर आढळला आणि मोठीच खळबळ उडाली. तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. गाजरगवताचे परागकण पानांवर पडल्यामुळे भुंगा तेथे तोंड लावतो, परंतु सूर्यफूल हे त्याचे खरे यजमान नव्हे, असे चौकशीतून पुढे आले. तक्रार झाली तेव्हा ती दडपली गेली नाही किंवा घाबरून भुंगेही मारले गेले नाहीत. तपास करण्यात आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शिक्षक, ग्रामपंचायत आणि अधिकारी यांच्यासाठी

वरील माहितीचा उपयोग आपापल्या ठिकाणी कसा करता येईल, याचा विचार आता करू.

शिक्षकांनी पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांना शाळेच्या परिसरात किंवा गावाच्या शिवारात न्यावे. कन्नड तालुक्यातील शाळांना गौताळा परिसराच्या पायथ्याची झुडपे जवळ आहेत. शहरातील शाळांना करंज व सप्तपर्णीची झाडे आहेत. गाठ असलेली डहाळी रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवून तोंडाला पातळ कापड बांधावे आणि कापडावर अधूनमधून पाण्याचा शिडकावा करावा. काही दिवसांनी गाठीतून कोण बाहेर येते, याची नोंद करावी. पुष्कळदा गाठ करणारा कीटक न निघता त्याच्यावर जगणारी परोपजीवी गांधीलमाशीच बाहेर पडेल. अशा वेळी प्रयोग फसला असे समजू नये. निलगिरीत काय घडले, ते विद्यार्थ्यांनी बाटलीत पाहिले असे समजावे. गाजरगवताला मात्र मुलांना उघड्या हातांनी स्पर्श करू देऊ नये.

ग्रामपंचायतींनी, जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन करावयाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवहीत उपयुक्त वनस्पतींबरोबरच उपद्रवी तणांची आणि त्यांच्यावरील कीटकांचीही नोंद ठेवावी. वनस्पतीचे स्थानिक नाव, जागा, महिना आणि गाठीचे वर्णन एवढे लिहिले तरी पुरे. कोकणातील एखाद्या गावात रानमोडीच्या पेरावर खिडकी असलेली फुगीर गाठ दिसली, तर ती फांदी तोडून न जाळता दापोली येथील कृषी विद्यापीठास कळवावे. मराठवाड्यातील गावांनी दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या गाजरगवत जागृती सप्ताहात तण फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटण्याचे काम हाती घ्यावे. मेक्सिकन भुंगे जेथे पाने खात असतील, ती जागा मात्र फवारणीतून वगळावी. ज्याने आपले काम करावे म्हणून आपण त्याला आणले, त्यालाच विष घालणे शहाणपणाचे नाही.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने नियम स्पष्ट आहेत. परदेशातून कोणताही जिवंत कीटक आणावयाचा झाल्यास वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार परवाना आवश्यक आहे. चाचण्यांना लागणारा काळ हा प्रशासकीय विलंब मानू नये. असा एखादा प्रस्ताव समोर आल्यास तीन प्रश्न विचारावेत : हा कीटक कोणत्या वनस्पतीवर राहतो, त्या वनस्पतीच्या कुळातील कोणती पिके आपल्या शेतकऱ्यांच्या शेतात आहेत, आणि आपल्या जिल्ह्याचे हवामान त्याला मानवणारे आहे काय? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत प्रस्ताव थांबला, तर त्यात कोणाचेही नुकसान नाही.

गाठमाशी जात्या शेतकऱ्याची शत्रू नाही की मित्रही नाही. तिला आपली एक वनस्पती आणि त्या वनस्पतीचा एक कोवळा शेंडा हवा असतो. तिची ही एकनिष्ठा आपण नीट ओळखली तर ती उपयोगी पडते. न ओळखता तिला हलविले तर तिची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. करंजाच्या पानावरचा फोड, उंबरातील चिलट आणि बाळगुटीतील मायफळ यांच्याकडे मुलांना थांबून पाहावयास शिकविणारी शाळा आणि जे दिसले ते नोंदवहीत उतरविणारी ग्रामपंचायत ही या कामाची पहिली पायरी आहे. उद्या एखाद्या शिवारात अनोळखी गाठ प्रथम दिसेल, ती बहुधा प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला नव्हे, तर शाळेतून घरी परतणाऱ्या एखाद्या मुलाला. त्याने ती कोणाला दाखवावी, हे त्याला आजच ठाऊक असले पाहिजे.